लाह्यांवर वाढलेलं शेवाळ

महाडच्या एसटी स्टँडवर मी नळी, बादली आणि टूथब्रशांचा जुडगा घेऊन उतरलो की ओळखीचा कोणीतरी विचारतोच, "काका, आज कोणाचे दात घासायला?" मी सांगतो, दगडांचे. त्याला ती चेष्टा वाटते. पण माझं निम्मं आयुष्य खरंच दगड घासण्यात गेलं आहे, आणि मला त्याची लाज नाही.

मी उमरठच्या वरच्या अंगाच्या वाडीतला. शाळा तिसरीपर्यंत. पुढे गावातल्या सगळ्यांसारखा मुंबईला गेलो. बाकीचे गिरणीत, गोदीत, खानावळीत लागले, मी रंगीत माशांच्या दुकानात लागलो. तिथं काय काय केलं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की गोड्या पाण्यातले मासे कोणीही सांभाळतो, खाऱ्या पाण्यातल्यांना दम लागतो, आणि शेठनं खाऱ्या टाक्या माझ्या हातात दिल्या होत्या. म्हातारपणी गावी परत आलो. महाड, बिरवाडी, पोलादपूर मिळून खाऱ्या पाण्याच्या टाक्या त्या किती, पण ज्या आहेत त्या सगळ्या माझ्या हाताखालून गेल्या. दुसरा माणूस मिळत नाही म्हणून, असं आमची मंडळी म्हणते. असेना का. मिळत नाही हे तर खरं.

ज्यांनी अशी टाकी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समुद्राचं पाणी कोणी आणत नाही. मीठ तयार मिळतं, जेवणातलं नव्हे, वेगळं. ते शुद्ध केलेल्या पाण्यात कालवायचं आणि तरंगता काटा सोडून खारटपणा बघायचा. पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मात्र मागं राहतं, म्हणून वरून भर घालताना गोडं पाणी घालायचं. इथं निम्मे लोक फसतात. खाऱ्यात खारं घालतात आणि मासा लोळला की मला फोन करतात. दिवाणखान्यात दिसते ती काचेची टाकी वरची. तिच्याखालच्या कपाटात आणखी एक टाकी लपवलेली असते. वरचं पाणी ओसंडून पाइपानं खाली येतं, पिशवीतून गाळलं जातं, फेस काढणाऱ्या यंत्रातून जातं आणि पंपानं परत वर चढतं. दिवसरात्र हा रहाट चालू.

आणि मग येतं शेवाळ.

नव्या टाकीत पहिल्यांदा तपकिरी धूळ धरते. तिला घाबरायचं नाही, ती आल्या वाटेनं जाते. पुढे दगडांवर हिरवे केस उगवतात, त्यांना घाबरायचं. लाल साय आली तर पाण्याचं काहीतरी फारच बिघडलंय. मासे ह्यानं लगेच मरत नाहीत. पण दगडावरचे जे जिवंत जीव असतात, फुलासारखे उघडणारे, ते केसांखाली गुदमरतात, आणि एक मेला की त्याच्या खतावर आणखी केस. शेवाळाला लागतात दोन गोष्टी, उजेड आणि खत. खत म्हणजे माशांनी टाकलेलं आणि माणसांनी घातलेलं. मासा कधी पुरे म्हणत नाही. माणूस काचेजवळ आला की तो तोंड उघडून पुढे येतो आणि माणूस पाघळतो.

म्हणून माझं म्हणणं असं की शेवाळ चुगलखोर आहे. घरात काय चाललंय ते सांगतं. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं शपथेवर सांगितलं की दिवा वेळेवर बंद होतो. टाकी तर भातशेतासारखी हिरवी. मी म्हटलं, शेठ, तुमचं शेवाळ वेगळं सांगतंय. शेवटी गल्ल्यावरच्या माणसानं कबूल केलं, रातराणी गाड्या थांबतात, प्रवाशांना मासे दिसले पाहिजेत म्हणून दिवा पहाटेपर्यंत जळतो. मी आपोआप बंद होणारं बटण बसवलं. त्यांनी काढलं. परत बसवलं, परत काढलं. तिसऱ्यांदा मी बादली उचलली आणि म्हटलं, मेथी पेरा, पीक चांगलं येईल. आता तिथं प्लास्टिकचे मासे दोऱ्याला टांगलेत. कधीकधी एसटी तिथं थांबते तेव्हा मी खाली उतरत नाही. दोन पिवळे मासे चांगले होते तिथं.

पण मला सांगायची आहे ती बिरवाडीची गोष्ट.

बिरवाडीत इंदूवहिनींचं घर आहे. मूळच्या आमच्या शेजारच्या वाडीतल्या, नवरा वारल्यावर मुलानं बिरवाडीत घर बांधलं तिथं राहतात. वरच्या खोल्या कारखान्यातल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. मुलगा महेश मालवाहू जहाजावर कामाला. महिनेच्या महिने बाहेर. सून स्नेहल शाळेत शिकवते. खाऱ्या पाण्याची टाकी महेशनं सुट्टीवर असताना हौसेनं मांडली, त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी सोडली, आणि एक अ‍ॅनिमोन. अ‍ॅनिमोन म्हणजे दिसायला फूल पण आहे जनावर. मासे रात्री त्याच्या कुशीत झोपतात. हे सगळं मांडून महेश गेला समुद्रावर, आणि टाकी आली माझ्या गळ्यात.

पहिले काही महिने बरे गेले. मग केस उगवले. मी दगड काढून बादलीतल्या टाकीच्याच पाण्यात घासले. नळीनं केस ओढून काढले. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई मुंबईहून मागवून सोडल्या. दिव्याचे तास कमी केले. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या कांड्या बदलल्या. परत गेलो की हिरवळ होती तिथंच. माझ्या हाताखालची टाकी अशी कधी वागली नव्हती आणि मला झोप येईना.

खाणं कोण घालतं, हे मी आधीच विचारलं होतं. स्नेहल म्हणाली, मीच घालते काका, एक दिवसाआड, तुम्ही दाखवलंत तेवढंच. ती खोटं बोलणारी नव्हे. पण शेवाळही खोटं बोलत नाही. मी एके सकाळी न सांगता लवकर गेलो तर इंदूवहिनी टाकीपुढे उभ्या, मुठीत साळीच्या लाह्या, डोळे मिटलेले. मूठ उघडली आणि लाह्या पाण्यावर पसरल्या. माशांनी एकदोन तोंडात धरून थुंकल्या. बाकीच्या फुगून दगडांच्या फटीत गेल्या.

आमच्याकडे वाळणकोंड आहे. बाहेरच्या वाचकाला सांगतो, नदीतला खोल डोह, त्यातले मासे देवीचे. कोणी धरत नाही. लोक काठावरून लाह्या टाकतात, मासे वर आले आणि खाल्लं की देवी पावली. इंदूवहिनी महेश जहाजावर लागल्यापासून तिथं जायच्या. गुडघे गेले, उतार उतरता येईना, तेव्हा घरातच देवीचे मासे आले असं त्यांनी धरलं. पोरगा घरी परत येईपर्यंत रोज मूठभर लाह्या, असा त्यांचा नवस.

मी तेव्हा नवसाबद्दल काही बोललो नाही. टाकीबद्दल बोललो. जरा मोठ्यानं बोललो असेन. म्हटलं, हे कोंडाचं पाणी नाही, कोंडातून नदी वाहते, घाण पुढे जाते. इथं घातलेलं इथंच फिरतं. वर जातं, खाली येतं, परत वर जातं. ह्या टाकीत तुमचा तरी हात राहील नाहीतर माझा तरी. आणि झाकणाला कुलूप लावून किल्ली स्नेहलकडे दिली. वहिनी भांडल्या नाहीत तिथंच मला कळायला हवं होतं. आमच्याकडच्या बायका पटलं नाही की गप्प बसतात.

कुलूप लावलं, आणि शेवाळ वाढलं.

अ‍ॅनिमोन मुठीएवढं आक्रसलं. महेशचा फोन आला तेव्हा स्नेहलनं त्याला टाकी दाखवली असणार. तिनं मला सांगितलं, "काका, हे म्हणतायत सुट्टीवर आलो की टाकी मोडून टाकू. घरात कोणाला जमत नाही तर त्या जिवांचे हाल कशाला." वहिनी तिथंच गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला, पण मान वर झाली नाही. स्नेहल शाळेत गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, टाकी मोडायची नाय. तो जहाजावर असताना तर नायच."

मी म्हटलं, तो आल्यावर मोडणार आहे.

"आल्यावर परत जानारच हाय ना तो. मंग मी कुठं बघू?"

तेव्हा मला समजलं की वहिनी टाकीकडे मासे बघायला जात नव्हत्या. मासे नीट तर पोरगा नीट, असं त्यांचं गणित होतं. फोन लागला नाही की तासन्‌तास काचेपुढे बसायच्या. आणि ते अ‍ॅनिमोन दिवसेंदिवस मिटत चाललं होतं.

मी पुन्हा सगळं तपासलं. मिठाचा काटा, दिवा, पाणी. काहीच सापडेना. शेवटी खालच्या कपाटात शिरलो, गाळायची पिशवी धुवायला काढली आणि उलटी केली. तळाला पांढरा चिखल होता. बोटानं चोळला तर त्यात साळीचं तूस लागलं.

मी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "वहिनी, ह्या लाह्या काय उंदरानं टाकल्या?"

"उंदराला कशाला बोल लावता? मी टाकल्या."

"वरती कुलूप म्हणून खालती?"

"तुमीच सांगितलंत ना, वरचा पाणी खाली येतो, खालचा वर चढतो. मंग पाणी एकच झाला ना? कपाटाला कुठं कुलूप लावलंत तुमी?"

मी स्वतःच शिकवलं होतं. मी म्हटलं, अहो पण मासे वरती, त्यांना लाही पोचत नाही. तर म्हणाल्या, "माशाला पोचायची गरज नाय. माझ्या पोराला पोचली म्हणजे झाली. कोंडाचा पाणी गोडा. तो असतो खाऱ्यात. खाऱ्यात टाकलेला त्याला लवकर पोचत असेल का नाय?"

मी म्हटलं, त्याला पोचतं ते असू दे, शेवाळाला पण पोचतं.

मग आमचं बरंच झालं. मी म्हटलं लाह्या नुसत्या दाखवा आणि कोंबड्यांना घाला. त्या म्हणाल्या, देवाला दाखवून आपण खातो तो प्रसाद, माशाला दाखवून कोंबडीला घातलं ती फसवणूक. मी म्हटलं, नवस कोंडाचा, तर वरच्या पोरांपैकी कोणाला पाठवा कोंडावर. म्हणाल्या, नवस माझा आणि मूठ त्याची होय? मी हट्टी आहे हे आमच्या गावात कोणालाही विचारा. पण हट्टाला हट्ट भेटला की माणूस जमिनीवर बसतो. मी खरोखरच कपाटापुढे जमिनीवर बसलो.

बसल्या बसल्या आत बघत होतो. कपाटाच्या फळीच्या फटीतून उजेडाची एक तिरीप खालच्या टाकीत पडत होती. तिरीप पडली होती तेवढ्याच पट्टीत काचेवर शेवाळ होतं, आणि कसं, गर्द, वरच्या टाकीपेक्षा दाट. बाकी काच कोरी. ते बघून मला आमची भाताची खाचरं आठवली. डोंगरात एकाखाली एक खाचरं असतात. वरच्या खाचरातला गाळ, शेण, पालापाचोळा पाण्याबरोबर खालच्यात उतरतो. म्हणून सगळ्यात खालच्या खाचरात तण माजतं आणि वरच्यात कमी. माझा बाप म्हणायचा, तण मरत नसतं, त्याला जागा दाखवायची असते. खालच्या बांधाकडचं तण तो मुद्दाम राखायचा, म्हशीला कापून घालायला.

मी वहिनींना म्हटलं, एक कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी द्या.

त्यांना वाटलं, भाऊजी रागावून काहीतरी बोलतायत. पण परसात प्लास्टिकची जाळी पडलेली होती. मी तिचा ताटाएवढा तुकडा कापला, करवतीच्या पात्यानं दोन्ही बाजूंनी खरबरीत केला, म्हणजे शेवाळाला धरायला जागा. वरून येणाऱ्या पाइपाला चीर पाडली आणि जाळी तिच्यात अडकवली, म्हणजे पाणी जाळीवरून पातळ पडद्यासारखं उतरेल. तिच्यासमोर कपाटात दिवा लावला, म्हणजे खत खालच्या शेवाळानंच खायचं आणि वरच्यानं उपाशी मरायचं. वरचा दिवा आणखी कमी केला. मुंबईत मी असं तयार यंत्र पाहिलं होतं, पण तेव्हा शेठचं आणि माझं मत एकच, की शेवाळ काढायला बसलेल्या माणसानं शेवाळ कशाला पेरायचं. आता पेरलं.

मग वहिनींना अट घातली. लाह्या वरती कधी नाहीत. खालती घाला, त्या पिशवीत घाला, पण पिशवी रोज धुवायची. आणि जाळीवर जे वाढेल ते दर आठवड्याला तुम्ही स्वतः खरवडायचं. अर्धी जाळी ह्या आठवड्यात, अर्धी पुढच्या. जेवढं घालाल तेवढं काढायचं.

"मला जमंल?"

मी म्हटलं, जन्मभर भातातलं तण बेणलंत. ही जाळी तर उभी आहे, वाकावंही लागत नाही.

पहिल्यांदा जाळीवर तपकिरी चिकटा आला. स्नेहल नाक धरून म्हणाली, काका, टाकी घाण होती, आता कपाटही. मी म्हटलं थांब. वरच्या टाकीतले केस मी हातानं उपटत राहिलो, गोगलगाई खात राहिल्या. मग जाळी हिरवी झाली. वहिनी जुन्या सराट्यानं, म्हणजे उलथण्यानं, खरवडायच्या, पिळून परातीत ठेवायच्या. मी गेलो की मला दाखवायच्या, हिरवा ओला गोळा, दोन मुठी तरी. खारट म्हणून झाडांना घालता येईना, तर गोड्या पाण्यात धुवून वाळवून मग अळवाच्या बुडाला टाकायला लागल्या.

वरचे दगड हळूहळू उघडे पडले. त्यांच्यावर जांभळा थर येऊ लागला, तो आला की आमच्या धंद्यात माणूस निश्चिंत होतो. अ‍ॅनिमोन एके दिवशी थोडं उघडलं. नंतर पूर्ण उघडलं आणि जोडी त्यात लोळू लागली. स्नेहलनं महेशला दाखवलं. तो म्हणाला, नवीन आणलंत काय?

एक गोष्ट मी वहिनींना सांगितली नव्हती, ती त्यांनी आपली आपण केली. एकदा पिशवी बघितली तर तिच्यात लाह्या फार थोड्या. मी विचारलं, मूठ कमी झाली काय. म्हणाल्या, "मूठ तीच. पन घातला की आठ दिवसांनी हातात येतो ना भाऊजी. एवढा खरवडताना खांदा भरून येतो. मंग मी देवीला विचारला, बाय, माझी मूठ मी जरा घट्ट मिटीन, चार लाह्या मावतील तेवढी. चालंल का? ती काय नाय म्हनाली नाय."

मी तिच्याकडून हो आहे असं धरून टाकलं. देवीशी वाद घालायचं माझं काम नाही.

महेश सुट्टीवर आला. टाकीपुढे बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं कपाट उघडलं आणि आत दिव्यासमोर ती हिरवी, लोंबती जाळी बघून दचकलाच. "काका, सगळं साफ झालंय तर हे गवत खाली कशाला ठेवलंय? काढून टाकू?"

मी म्हटलं, तुझ्या आईला विचार, तिचं खाचर आहे ते.

वहिनी आतून म्हणाल्या, "हात नको लावूस रे. आनि ती टाकी मोडायची गोष्ट कोन करत होता?"

तो हसला, पण कपाट लावून घेतलं. टाकी मोडायची गोष्ट परत निघाली नाही.

तो घरी असताना नवस बंद. पोरगा पुढ्यात जेवतोय तर लाह्या कोणाला पोचवायच्या? पिशवी कोरी राहू लागली. मासे तेवढेच, खाणं स्नेहलच्या चिमटीतलं. मी पुढल्या खेपेला गेलो तर खालची जाळी पिवळी पडायला लागलेली. खत तुटलं की शेवाळ असंच पिवळं पडतं, विरतं, बोटानं निघून येतं. वरची टाकी मात्र लख्ख. मी जाळी धुवून परत लावली. महेशनं विचारलं, आता ही मेली का काका? मी म्हटलं, मेली नाही, सुट्टीवर आहे.

हल्ली पायऱ्या चढताना धाप लागते. दोन टाक्या मी सोडल्या. बिरवाडीची सोडलेली नाही. तिथं काम फारसं उरलेलंही नाही, काटा बघायचा, पंप पुसायचा, वहिनींच्या हातचा चहा प्यायचा. जाळीला मी हात लावत नाही. फक्त गेल्या गेल्या कपाट उघडून बघतो.

परवा गेलो तेव्हा दार वहिनींनीच उघडलं. घरात महेशच्या चपला दिसल्या नाहीत, पण तो महाडला बाजारातही गेला असेल. मी नेहमीसारखा खाली बसलो, कपाट उघडलं. पिवळ्या जाळीवर वरच्या कडेनं, जिथं पाणी पहिल्यांदा पडतं तिथं, कोवळी हिरवी रेघ धरली होती.

"कधी गेला?" मी विचारलं.

"गेल्या आठवड्यात. तुमाला कोनी सांगितला?"

मी जाळीकडे बोट केलं. त्या माझ्या शेजारी बसल्या, गुडघ्यावर हात टेकत टेकत, आणि आत डोकावल्या. मग त्यांनी पदराच्या टोकानं कपाटाच्या कडेवरचं मीठ पुसलं आणि म्हणाल्या, "चांगली धरली हाय ना?"

मी म्हटलं, चांगली धरली आहे.